बिअरच्या ग्लासांचं सोवळं

६ जून १९९८, शनिवार

ही वही सुरू करायचं कारण क्षुल्लक आहे. पण मोठ्या गोष्टी मी गिळल्या, क्षुल्लक गोष्टी मला गिळता येत नाहीत. माझ्या बिअरच्या ग्लासांना घरात कोणीतरी हात लावतं.

ग्लास सहा. उंच, खाली निमुळते, जाड बुडाचे. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी हैदराबादहून मांडीवर घेऊन आणले होते. नियम एकच, त्यात बिअरशिवाय काही ओतायचं नाही. पाणी नाही, सरबत नाही, ताक तर नाहीच. लोकांना हा विक्षिप्तपणा वाटतो. वाटो. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, वर खाजगी क्लास घेतो, उगीच बोलत नाही. ग्लासाला तुपाचा, दुधाचा नुसता अंश जरी राहिला तरी बिअरचा फेस बसतो. साबण राहिला तरी बसतो. म्हणून मी ते स्वतः धुण्याच्या सोड्यानं धुतो, उपडे ठेवतो, फडकं लावत नाही.

बायकोचा, गोदावरीचा नियम याच्या उलट बाजूनं आहे. दारूचा ग्लास स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये. त्यामुळे ग्लास दिवाणखान्यातल्या कपाटात असतात, आणि दोघांचंही सोवळं टिकतं.

शनिवारी संध्याकाळी शेवटची बॅच सुटली की अमृतराव येतात. अडत बाजारात त्यांचं दुकान आहे. घर लिंगायतांचं, कडक. आई सिद्धम्मा रोज तळहातावर लिंग घेऊन पूजा करणारी, तिथं बाटलीचं नावही काढायची सोय नाही. म्हणून ते माझ्याकडे ‘मुलाच्या अभ्यासाची चौकशी’ करायला येतात. मुलगा दोन वर्षांपूर्वीच पुण्याला इंजिनिअरिंगला गेला, चौकशी चालूच आहे.

आज ओतली तर पाच ग्लासांचा फेस कसा बोटभर उभा, आणि सहाव्याचा बघता बघता बसला. (आम्ही सहाही ग्लास भरतो, तीन त्यांचे, तीन माझे. पुन्हा पुन्हा उठावं लागत नाही.) तो ग्लास मी ओळखतो, त्याच्या बुडात काचेतच एक बुडबुडा अडकलेला आहे. अमृतराव म्हणाले, “सर, तुमच्या ग्लासांचं सोवळं आमच्या मठातबी न्हाई बघा.” हसले. मला हसू आलं नाही.

जाताना त्यांनी पुन्हा तो विषय काढला. निकाल लागलेत, सगळा मराठवाडा लातूरला पोरं घेऊन येऊन राहिलाय, क्लासला जागा पुरत नाही, तर ती कोपऱ्यातली खोली रिकामी का ठेवायची. ती खोली आमच्या मुलीची, मृण्मयीची. आजोळी गेली होती गणपतीला, औशाकडे, आणि त्र्याण्णवच्या भूकंपात आजीआजोबांबरोबर गेली. सात वर्षांची होती. ही वही ग्लासांसाठी आहे, त्यावर लिहायला नव्हे.

१३ जून, शनिवार

पुन्हा तोच ग्लास. स्वतः सोड्यानं धुतला होता, गेल्या रविवारी. म्हणजे रविवार ते शनिवार या काळात कोणीतरी वापरून, वर साबणानं घासून ठेवला. उजेडात धरला तर काठाला पुसट पांढरा कंगोरा दिसला. दूध.

गोदाला विचारलं. वाटलं होतं भांडेल, ती भांडली नाही. भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, असेल माझा हात लागला. आता जी बाई तो ग्लास चिमटीनं उचलते, ती त्यात दूध ओतेल? आणि ओतलं तर पिणार कोण? मी गेली कित्येक वर्षं कोरा चहा घेतो. दुधाचा वाससुद्धा सोसत नाही मला.

१५ जून, सोमवार

कपाटाला कुलूप लावलं. किल्ली एकच, ती जानव्याला बांधली. वडील नांदेडला तिजोरीची किल्ली अशीच बांधायचे, मी लहानपणी त्यांना हसायचो. आता बघू कोण येतं ते.

आंघोळीच्या वेळी लक्षात आलं, उजव्या हाताच्या बोटाला चटका बसल्यासारखा फोड आहे. प्रयोगशाळेत काही धरलं असेल. आठवत नाही.

२० जून, शनिवार

कुलूप जसंच्या तसं. किल्ली माझ्या अंगावर. आणि फेस बसला.

अमृतरावांनी तो ग्लास उचलून तोंडाशी नेला, मग नाकाशी धरला आणि हळूच खाली ठेवला. “सर, ह्याला दुधाचा वास येऊन राहिलाय. तापवलेल्या.” मी म्हटलं, भास. त्यांनी ग्लास माझ्याकडे फिरवला. काठाच्या आतून, फेस सरकून गेला तिथं, ओठांची खूण उमटली होती. एवढीशी. मोठ्या माणसाच्या तोंडाला एवढी लहान खूण करता येत नाही. मी बोटानं पुसून टाकली.

त्यानंतर अमृतरावांचं पिण्यात मन लागलं नाही. आईची तब्येत बरी नाही म्हणत लवकर उठले. दारात चपला घालताना कोपऱ्यातल्या खोलीकडं बघून त्यांनी छातीवरच्या लिंगाला हात लावला. मला चीड आली. शिकलेल्या माणसाच्या घरात हे असले प्रकार.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. जानव्याला मी किल्लीची गाठ दुहेरी मारतो. आज सोडताना ती एकेरी निघाली. म्हणजे मी झोपेत असताना गोदा किल्ली सोडवते. का, ते तिलाच माहीत. तिला विचारायचं धाडस होत नाही, कारण ती हो म्हणाली तर पुढं काय बोलायचं ते मला सुचत नाही. पाच वर्षं झाली, तिचं मन कुठंतरी घसरलं असेल, आणि मी क्लासच्या चार बॅचच्या नादात बघितलंच नाही असं तर नाही?

२६ जून, शुक्रवार

गोदाची मावशी उमाबाई नांदेडला आजारी आहे. तिला बघायला गोदा आज गेली. जाताना फार घोटाळत होती. स्टँडवर पोचवायला गेलो तर एसटीच्या खिडकीतून म्हणाली, रात्री स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, गॅसचं बटन बंद आहे का बघा. मी काय लहान आहे का? पण मनातून बरं वाटलं, याची लाज वाटते. ती नाही म्हणजे प्रयोग स्वच्छ. आता ग्लास तसाच राहिला तर करणारी तीच.

घरी येऊन सगळे ग्लास धुतले. कुलूप लावलं, किल्ली बांधली. दूधवाल्या नागप्पाला सांगितलं, बाई येईपर्यंत दूध नको.

२८ जून, रविवार

काल अमृतराव आले नाहीत. दुकानातल्या माणसाकडून निरोप पाठवला, अंगात कणकण आहे. मीही बाटली उघडली नाही.

आज सकाळी पायरीवर दुधाची पिशवी. नागप्पाला थांबवून झापला. तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, सर, तुम्हीच तर काल पहाटं दारात उभं राहून सांगितलं, अर्धा लिटर रोज ठेवत जा म्हणून. वर म्हणाला, लई खुशीत होते तुम्ही, मला वाटलं पाव्हणे आलेत. मी म्हटलं दुसऱ्या कुणाचं घर असेल. त्यानं मान हलवली आणि सायकल काढली. सकाळच्या धंद्यात ताडी मारतो की काय कोण जाणे.

३० जून, मंगळवार



सकाळी मुंग्यांची रांग दिसली, स्वयंपाकघरातून निघून दिवाणखान्याच्या कडेनं कोपऱ्यातल्या खोलीकडे. दाराच्या फटीतून आत. ती खोली मी उघडत नाही. झाडलोट गोदा करते, मी कॉलेजात असताना. आज उघडली.

खाटेवर तिची चादर. खाटेशी, फरशीवर, बुडबुड्याचा ग्लास. रिकामा. तळाशी दुधाचा थेंब, त्यावर मुंग्या. काठाला तीच खूण.

बाहेरचं दार आतून बंद होतं, मीच कडी घातलेली. खिडकीला जाळी आहे. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या छातीवर, दुहेरी गाठीत. घरात माझ्याशिवाय माणूस नाही.

म्हणजे गोदा नव्हे. माझी गोदा नव्हे. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी दुपारच्या दोन्ही बॅचना सुट्टी दिली आणि उन्हात पायरीवर बसून राहिलो. घरात जायची भीती वाटली. रसायनशास्त्र शिकवणारा माणूस, स्वतःच्या घरात जायला भीत होता.

३ जुलै, शुक्रवार

गोदा आली. तिचा पाय घरात पडायच्या आत सांगितलं, सगळे ग्लास अमृतरावांना देऊन टाकतोय. खोलीही रिकामी करतो, बाकं टाकतो, पाचवी बॅच घेतो. हे घरात चालू द्यायचं नाही.

तिनं पिशवी खाली ठेवली. पाणीसुद्धा प्यायली नाही. पुढचं तिनं जसं सांगितलं तसं लिहितो.

म्हणाली, “अहो, दूध तुम्हीच देता तिला.”

मी हसलो. तिनं हसू दिलं नाही. म्हणाली, ती गेली त्या वर्षीच्या दिवाळीपासून बघते आहे, आधी कधीतरी एखाद्या पहाटे, या उन्हाळ्यापासून रोजच. पहाटे तुम्ही उठता, डोळे उघडे असतात पण मी समोर आले तरी दिसत नाही तुम्हाला. कुलूप लावायच्या आधी सरळ कपाट उघडायचात, आता जानव्याची किल्ली काढता. दूध तापवता, ग्लासात उंचावरून ओतता, फेस आणता. मग तो ग्लास तिच्या खाटेशी ठेवता, दार लावून घेता आणि येऊन झोपता. तुम्ही झोपलात की मी ग्लास आणते, घासते, तुमची किल्ली घेऊन जागेवर ठेवते. साबणानं फेस बसतो हे मला काय माहीत?

उंचावरून ओततो, हे ऐकल्यावर ती खरं बोलते आहे हे कळलं. ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं.

मृण्मयी असताना मी पहाटेच्या बॅचसाठी उठायचो आणि ती माझ्या मागं उठायची. बाबांच्या ग्लासात फेसाचं दूध पाहिजे. गोदानं साफ नाही म्हटलं होतं, दारूच्या ग्लासात लेकराचं दूध? म्हणून आम्ही दोघं चोरून प्यायचो, म्हणजे ती प्यायची आणि मी ओतायचो. वरच्या ओठाला मिशी यायची. मग मी ग्लास सोड्यानं धुऊन परत ठेवायचो. गोदा झोपलेली असायची.

गोदा म्हणाली, मला तर हे ती गेल्यावर कळलं, तुमच्या झोपेतून. तिच्या डोळ्यांना पाणी होतं. “मी नाही म्हटलं होतं तिला,” एवढंच म्हणाली.

मी विचारलं, मला उठवलं का नाहीस? सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, “सांगितलं तर थांबेल म्हणून. तुम्ही तेव्हा हसता. तिला म्हणता, हळू पी, जीभ भाजेल. जागेपणी हसलेलं तुम्हाला मी पाच वर्षांत बघितलं नाही.”

मग मी रसायनशास्त्रवाल्यासारखा प्रश्न विचारला, आता वाटतं विचारायला नको होता. म्हटलं, ठीक आहे, ओततो मी. मग परत येऊन पितोही मीच असणार.

ती म्हणाली, तुम्ही थेंब घेत नाही. दार लावून येता, मी जागीच असते, दारावर माझी नजर असते. मांजर म्हणाल तर खिडकीला जाळी आहे. मी उघडते तेव्हा ग्लास रिकामा असतो.

“मला वाटायचं तुम्हाला माहीत असेल,” म्हणाली.

४ जुलै, शनिवार

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आडवा पडून कान लावून होतो, कशाला ते ठाऊक नाही. पहाट झाली, उठून क्लासला गेलो. ग्लास कपाटात उपडे होते. ग्लास द्यायचं रद्द. खोलीत बाकं टाकायचंही रद्द.

अमृतरावांना बरं वाटतंय, पण ते आले नाहीत.

११ जुलै, शनिवार

आठवडाभर काही घडलं नाही. गोदा रोज पहाटे जागी राहते. मी उठत नाही म्हणे. झोपलो तरच उठणार ना. पापणी लागते आणि लगेच उघडते. भीती वाटते की उठेन, आणि भीती वाटते की उठणार नाही. यातली दुसरी मोठी आहे.

आज वर्गात फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता थांबलो. समोर शंभर पोरं, सगळी सतरा-अठराची. मृण्मयी आता बारा वर्षांची असती. हा हिशोब मी आजपर्यंत केला नव्हता.

१८ जुलै, शनिवार

श्रावणाआधीचा शेवटचा शनिवार. महिनाभर आता काही नाही, म्हणून अमृतराव धीर करून आले. मी ग्लास काढले. गोदा दारात येऊन उभी राहिली, ती कधी उभी राहत नाही.

ओतली. सहाही ग्लासांचा फेस उभा. बुडबुड्याच्या ग्लासाचाही. घोट घेतला तशी काचेवर फेसाची गोल गोल कडी उरत गेली, अगदी पुस्तकात असते तशी. कसला अंश नाही, कसला वास नाही.

अमृतराव मोकळेपणानं म्हणाले, “आज जमलं सर. आज सगळे ग्लास एकसारखे हायेत.”

हेच मला हवं होतं. याच्यासाठी कुलूप आणलं, किल्ली बांधली, बायकोवर संशय घेतला. मी त्या फेसाकडं बघत बसलो आणि मला रडू आलं, परक्या माणसासमोर, आवाज करून. अमृतरावांनी स्वतःचा ग्लास खाली ठेवला. माझ्या पाठीवर हात ठेवून बसले. गोदा आत निघून गेली होती.

२२ जुलै, बुधवार

आज जागेपणी केलं.

गोदानंच तो ग्लास स्वयंपाकघरात नेला. उंबरा ओलांडताना तिचा पाय अडखळला नाही. मी दूध तापवलं, बेताचं कोमट केलं, उंचावरून ओतलं. हाताला सगळं आठवत होतं. फेस छान आला. खाटेशी ठेवला. काहीतरी बोलावं म्हणून “हळू पी” म्हटलं, पण आवाज वर्गात बोलतो तसा आला. दार लावून क्लासला गेलो.

परत आलो तर गोदा दाराबाहेर जमिनीवर बसलेली. तिनं उघडलं नव्हतं. मी उघडलं.

ग्लास भरलेला. दूध गार, वर साय धरलेली. कोणी हात लावलेला नाही.

२५ जुलै, शनिवार

तिन्ही दिवस तेच. साय. मी घातलेली साखरसुद्धा खाली तशीच. गोदा म्हणाली, जागेपणी देऊन ती घ्यायची नाही. मी म्हटलं, तिला राग आला असेल, मी कपाटाला कुलूप लावलं म्हणून. असं मी म्हणालो. मोठ्यानं. आणि गोदानं मला वेड्यात काढलं नाही, नुसता माझा हात धरला.

आता एकच उरलंय. मला झोप लागली पाहिजे. आधी लागायची तशी, गाढ, स्वतःला विसरायला लावणारी. डॉक्टरांकडून गोळी आणली होती. गोदानं ती घेऊ दिली नाही. गोळीनं माणूस मेल्यासारखा झोपतो, उठत नाही म्हणे.

ती आत्ता माझ्या पायाशी बसली आहे. तळव्यांना तूप लावून काशाची वाटी घासते आहे. तळवे काळे झाले की उष्णता निघते, झोप येते, असं तिची आई म्हणायची. कपाट उघडं आहे. कुलूप मी आज दुपारी कचऱ्यात टाकलं. दूध पातेल्यात आहे, शेगडीशेजारी काडेपेटी.

मी तिला म्हटलं, मी उठलो तर सकाळी मला सांग, म्हणजे मला कळेल ती आली होती की नाही.

ती वाटी फिरवायची थांबली. मग म्हणाली, “मिटा डोळे. आली तरी आता मी तुम्हाला सांगणार नाही.”